डब्याच्या बुडावरचं नाव

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत आईच्या स्वयंपाकघरातले सगळ्यात वरच्या फळीवरचे डबे खाली काढले. म्हणजे वर्षातून एकदाच घासून निघतात ते. एकेक रिकामा करायचा, घासायचा, गच्चीवर उन्हात पालथा घालायचा असं चाललं होतं, आणि साबुदाण्याचा डबा पालथा घातला तेव्हा त्याच्या बुडावर टिंबाटिंबांनी कोरलेलं काहीतरी दिसलं. आमच्याकडे प्रत्येक भांड्यावर नाव आहेच. बाबांचं नाव, लग्नाची तारीख, अमक्या आत्याकडून सप्रेम भेट, मी तर लहानपणी जेवताना ताटावरची नावं वाचत वाचतच अक्षरं लावायला शिकले असेन, त्यामुळे आधी काही वाटलं नाही. मग डबा उन्हात जरा तिरका झाला आणि टिंबं चमकली. 'कु.' असं लिहिलेलं, पुढे आईचं माहेरचं नाव, आणि खाली 'गोळाफेक द्वितीय १९६९'.

मी डबा घेऊन तशीच खाली आले. आई पाटावर बसून शेव पाडायचा सोऱ्या पुसत होती. म्हटलं हे काय आहे. तिने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, "अगं ते होय, तालुक्याला झाल्या होत्या स्पर्धा. पाच-सहाच तर मुली होत्या. आण इकडे, नीट पुसून देते, ओला राहिला की साबुदाण्याला वास लागतो."

एवढंच.

मला ते एवढंच फार लागलं. तिने लपवलं असतं तर एक वेळ समजलं असतं, माणसं लपवतात काय काय. पण तिने लपवलं नव्हतंच. तो डबा माझ्या जन्माच्या आधीपासून घरात आहे, प्रत्येक एकादशीला तो खाली येतो, त्यातला साबुदाणा खाऊनच मी मोठी झाले, आणि माझ्या आईने सोळाव्या वर्षी लोखंडाचा गोळा उचलून लांब फेकला होता आणि तालुक्यात दुसरी आली होती हे मला माझ्या केसात पांढरं आल्यावर कळलं. सगळी दिवाळी ते डोक्यात राहिलं. आणि राहून राहून मला एक वाडगा आठवत होता, जो मी कधी बघितलेला नाही.

तो वाडगा मार्गारेट ॲबटचा. पोर्सेलिनचा, सोन्याने मढवलेला, १९०० साली पॅरिसजवळ कॉम्पियेनला गोल्फची एक स्पर्धा जिंकली म्हणून मिळालेला. तिच्याबद्दल मी पहिल्यांदा वाचलं ते २०२१ च्या ऑगस्टमध्ये, आणि का वाचलं त्यालाही आईच कारण आहे.

ती सकाळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. शनिवार, ७ ऑगस्ट. संध्याकाळी नीरजचा भाला गेला आणि मग सगळ्या देशाला तेवढंच आठवायला लागलं, पण त्या दिवशी पहाटे आमच्या घरी टीव्हीवर गोल्फ लागलं होतं. लॉकडाऊनचे दिवस, आईला झोप लागायची नाही, टोकियोच्या त्या ऑलिम्पिकमध्ये तिने हॉकी बघितलं, मीराबाई बघितली, लवलिना बघितली, आणि आदल्या दिवशी बातम्यांमध्ये कुणीतरी सांगितलं की बंगळुरूची एक मुलगी गोल्फमध्ये दुसऱ्या नंबरवर आहे आणि उद्या शेवटचा दिवस. मी उठून हॉलमध्ये आले तर ही अंधारात शाल पांघरून बसलेली, आवाज अगदी बारीक केलेला, आणि पडद्यावर नुसतं हिरवं. गोल्फची कॉमेंटरी करणारे लोक तसेही कुजबुजतातच, त्यामुळे असं वाटत होतं की घरात कुणीतरी आजारी झोपलंय आणि आम्ही सगळे हळू बोलतोय.

"मला एवढंच सांग, हिच्या नावापुढे वजाबाकी का आहे?"

मग मी मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. प्रत्येक होलला किती फटक्यांत बॉल जायला हवा हे ठरलेलं असतं, त्याला पार म्हणायचं, त्यापेक्षा एक कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी, आणि शेवटी ज्याचे फटके सगळ्यात कमी तो जिंकला. आईने जरा वेळ विचार केला. "म्हणजे जो पुरवून पुरवून वापरतो तो जिंकतो," ती म्हणाली, आणि तिथून पुढे तिला तो खेळ माझ्यापेक्षा जास्त कळायला लागला. आदिती अशोकचा लांबचा फटका बाकीच्यांपेक्षा कमी पडायचा, त्यात मधे तिला कोविड होऊन गेलेला, अमेरिकेच्या नेली कोर्डाचा बॉल हिच्या कितीतरी पुढे जाऊन पडलेला असायचा, पण हिरवळीवर आल्यावर ही पोरगी असे काही पट, म्हणजे बॉल होलमध्ये घालायचे ते हलके फटके, घालायची की आई दरवेळी नुसती मान हलवायची, गाण्याच्या बैठकीत हलवतात तशी. जगात दोनशेव्या नंबरची मुलगी, आणि एक नंबरवाल्या मुलीच्या बरोबरीने चालतेय.

आणि मग कॅमेरा तिच्या मागून बॅग घेऊन चालणाऱ्या बाईंवर गेला. टोपी घातलेल्या, अंगावर कॅडीचा, म्हणजे खेळाडूच्या काठ्यांची बॅग वाहणाऱ्याचा, पांढरा बिब, खांद्याला ती एवढी मोठी बॅग. कॉमेंटेटर म्हणाला ही तिची आई आहे. रिओला वडील होते, टोकियोला आई. माझ्या आईने शालीतून हात बाहेर काढला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

शेवटी वादळ आलं, खेळ थांबला, परत सुरू झाला, आणि अठराव्या होलवर तिचा बर्डीचा लांबचा पट होलच्या शेजारून निघून गेला. कोर्डा सतरा अंडर, म्हणजे पारपेक्षा सतरा फटके कमी, मोने इनामी आणि लिडिया को सोळा अंडर, आदिती पंधरा अंडर. चार दिवस, बहात्तर होल, २६९ फटके, आणि एका फटक्याने मेडल गेलं. ती नंतर बोलताना म्हणाली की दुसऱ्या कुठल्याही स्पर्धेत चौथी आले असते तर आनंदच झाला असता, पण ऑलिम्पिकमध्ये चौथ्या नंबरला आनंदी होणं अवघड आहे. आई उठून चहा टाकायला गेली. आतून म्हणाली, "ती बाई तेवढी बॅग उचलून चार दिवस चालली गं, तिला काय देतात?"

काही देत नाहीत. मी बघितलं शोधून.

तेच शोधता शोधता मार्गारेट सापडली. आधी वाटलं चुकून आपण दुसरंच काही वाचतोय, कारण पहिलीच ओळ, जन्म १८७८, कलकत्ता. वडील तिथे व्यापार करायचे, ही अगदी तान्ही असताना गेले, मग आई मेरी मुलांना घेऊन अमेरिकेला परत गेली, आधी बॉस्टन आणि नंतर शिकागो. मेरी लिहिणारी बाई होती, कादंबऱ्या लिहायची, पेपरात पुस्तकांवर लिहायची. शिकागोजवळच्या एका क्लबात मायलेकी गोल्फ खेळायला लागल्या. मग १८९९ मध्ये मुलीला चित्रकला शिकायची म्हणून दोघी पॅरिसला गेल्या, आणि पुढच्या वर्षी तिथे जागतिक प्रदर्शन भरलं. ऑलिम्पिक त्या प्रदर्शनातच कुठेतरी मिसळून गेलेलं होतं, मे ते ऑक्टोबर चाललेलं, कुठली स्पर्धा ऑलिम्पिकची आणि कुठली प्रदर्शनाची हे खेळणाऱ्यांनाही धड माहीत नसायचं. बायकांना पहिल्यांदाच घेतलं होतं. ऑक्टोबरमध्ये कॉम्पियेनला बायकांचं गोल्फ झालं, नऊच होल, दहा बायका. मार्गारेटचे ४७ फटके, ती पहिली. पॉलिन व्हिटियर ४९, डारिया प्रॅट ५३. आणि त्याच दहा जणींमध्ये मेरीसुद्धा होती. ६५ फटके, बरोबरीत सातवी.

आपण ऑलिम्पिक जिंकलंय हे मार्गारेटला कधीच कळलं नाही. तिच्या लेखी ती पॅरिसमधली एक स्पर्धा होती, वाडगा मिळाला, छान झालं. १९०२ मध्ये लग्न झालं, फिन्ली पीटर डन नावाच्या, तेव्हा अमेरिकेत खूप वाचल्या जाणाऱ्या विनोदी लेखकाशी, मुलं झाली, लहानपणापासूनचं गुडघ्याचं दुखणं होतं त्यामुळे खेळ मागे पडला, आणि १९५५ मध्ये वयाच्या ७६ व्या वर्षी ती गेली. अमेरिकेची ऑलिम्पिक जिंकणारी पहिली बाई. न कळताच गेली. पुढे फ्लोरिडा विद्यापीठातल्या पॉला वेल्च नावाच्या प्राध्यापक बाईंनी जवळजवळ दहा वर्षं जुने पेपर चाळून तिचा माग काढला. लग्नानंतर आडनाव बदललेलं, काही नोंद नाही, तरी काढला. आणि १९८० च्या दशकात एके दिवशी तिच्या मुलाला, फिलिप डनला, फोन केला की तुमची आई ऑलिम्पिक चॅम्पियन होती.

मी त्या फोनचा फार विचार करते. तो मुलगा तोपर्यंत सत्तरीचा झालेला, हॉलिवूडमध्ये पटकथा लिहून नाव कमावलेला, जगाच्या गोष्टी सांगण्यात आयुष्य गेलेला माणूस, आणि स्वतःच्या घरातली ही गोष्ट त्याला एका परक्या बाईने फोनवर सांगितली. त्याला पहिल्यांदा काय आठवलं असेल? आईचे हात? की ती कधीतरी खिडकीत उभी राहून लांब कुठेतरी बघायची ते? मला डबा मिळाल्यावर पहिल्यांदा आईचा उजवा खांदा आठवला. हल्ली तो दुखतो तिचा, हात वर जात नाही, मी इतकी वर्षं त्याच्यावर नुसतं तेल चोळत आलेय.

आणि एक गोष्ट आहे मार्गारेटची जी मला सोडत नाही. आपण का जिंकलो याचं ती घरच्यांना सांगायची, की फ्रेंच मुलींना बहुतेक खेळ काय आहे हेच कळलं नव्हतं, त्या उंच टाचांचे बूट आणि घट्ट स्कर्ट घालून आल्या होत्या. म्हणजे मी जिंकले ते त्यांच्या टाचांमुळे. "पाच-सहाच तर मुली होत्या." पॅरिस आणि आमचा तालुका, मधे एकोणसत्तर वर्षं, आणि वाक्य तेच. आपण जे केलं ते लगेच लहान करून ठेवायचं, म्हणजे कुणाच्या नजरेत यायला नको, म्हणजे त्यात साबुदाणा भरता येतो.

गोल्फशी माझं तसं काही नातं नाही. म्हणजे भिंतीएवढं आहे. आम्ही लहानपणी विश्रांतवाडीला राहायचो आणि शहरात जाताना येरवड्याला गोल्फ क्लबवरून जावं लागायचं. बसच्या खिडकीतून एका सेकंदापुरतं ते आतलं दिसायचं, एवढं हिरवं, एप्रिलमध्ये पण हिरवं, आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी असायचं आणि तिथे फवारे चाललेले, आणि मधे चार माणसं अगदी निवांत चालतायत, मागे बॅगा घेऊन पोरं. माझ्या मनात त्या हिरव्याबद्दल एकाच वेळी ओढ पण असायची आणि राग पण, आणि खरं सांगायचं तर अजूनही दोन्ही आहे. दादाला एकदा रस्त्याच्या कडेला तिथला बॉल सापडला होता. खड्डे खड्डे असलेला, पांढरा, दगडासारखा घट्ट. क्रिकेट खेळायला घेतला तर फरशीचा टवका उडाला आणि बाबांनी तो कपाटात वर टाकला.

माझ्या वर्गातला एक मुलगा सुट्टीत तिथे कॅडीचं काम करायचा. पार, बोगी, चिप, पट हे शब्द मी पहिल्यांदा त्याच्याकडून ऐकले, आणि तो ते असे म्हणायचा जसं काही ते मराठीच आहेत. सळई वाकवून त्याने स्वतःची काठी केली होती. त्याची एक गंमत होती, कुठेही उभा राहिला की डोळे बारीक करून सांगायचा, इथून त्या खांबापर्यंत एकशेदहा यार्ड, त्या गुलमोहरापर्यंत पन्नास. आम्ही पावलांनी मोजून बघायचो आणि तो जवळपास बरोबर असायचा. दहावीनंतर तो कुठे गेला माहीत नाही. रिओला भारताकडून दोन पुरुष खेळले त्यातले एक चौरासिया, कोलकात्याच्या गोल्फ क्लबात त्यांचे वडील मैदान राखायचे आणि ते स्वतः तिथे कॅडी होते, ते वाचलं तेव्हा मला तो मुलगा आणि त्याची सळई आठवली. दुसरे अनिर्बान लाहिरी, त्यांचा जन्म पुण्याचा. टोकियोला पुण्याचेच उदयन माने होते, आयत्या वेळी कुणीतरी माघार घेतली म्हणून नंबर लागला, पहिल्या दिवशी ७६ फटके, अगदी तळाला, तरी पुढचे तीन दिवस खेळत राहून साठ जणांत छप्पन्नावे. टीव्हीवर ते क्वचितच दिसले. पण येरवड्याच्या त्या भिंतीवरून जाताना आता मला तेवढं परकं वाटत नाही.

गोल्फ आणि ऑलिम्पिकचं नातंच तुटक आहे. १९०० नंतर १९०४ ला सेंट लुईसला झालं, तेव्हा बायकांना परत वगळलं. पंच्याहत्तर पुरुष, त्यातले तीन कॅनडाचे आणि बाकी सगळे अमेरिकन. जिंकला कॅनडाचा जॉर्ज लायन, वय ४६, विमा विकणारा माणूस, मुळात क्रिकेटर, अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा गोल्फची काठी हातात घेतलेली. फायनलमध्ये त्याने चँडलर ईगन या अमेरिकेच्या विशीतल्या चॅम्पियनला हरवलं आणि ट्रॉफी घ्यायला हातांवर चालत गेला. पाय वर, डोकं खाली, सेहेचाळीस वर्षांचा माणूस! तो आनंद डोळ्यासमोर आणला तरी बरं वाटतं. तो जिंकल्यावर हातांवर चालला आणि ती जिंकल्यावर टाचांचं बोलत राहिली, हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून मी बरेचदा बघते. १९०८ ला लंडनला व्हायचं होतं ते आपसातल्या भांडणात रद्द झालं, आणि मग जे थांबलं ते थांबलंच. २००९ मध्ये कोपनहेगनला परत घ्यायचं ठरलं आणि २०१६ ला रिओत झालं, झिका व्हायरसच्या भीतीने मोठमोठे पुरुष खेळाडू आलेच नाहीत, तो भाग सगळ्यांना माहीतच आहे. मला त्यातली फक्त एक गोष्ट महत्त्वाची वाटते, की पुरुषांचा खंड ११२ वर्षांचा होता आणि बायकांचा ११६. पहिली मार्गारेट ॲबट, दुसरी दक्षिण कोरियाची इन्बी पार्क, दुखऱ्या अंगठ्याने खेळून जिंकलेली. मधे कुणीच नाही.

आणि टोकियोचं ते मैदान, कासुमिगासेकी, ज्याच्यावर आदिती आणि तिची आई चार दिवस चालल्या, त्या क्लबात २०१७ पर्यंत बायकांना पूर्ण मेंबरशिप नव्हती. रविवारी तर खेळायचीही परवानगी नाही. ऑलिम्पिकवाल्यांनी दबाव आणला, नियम बदलणार नसाल तर स्पर्धा दुसरीकडे नेऊ असं म्हटलं, तेव्हा मार्च २०१७ मध्ये नियम बदलला. हे मला त्या सकाळी माहीत नव्हतं ते बरं झालं. आईने तो आवाज वाढवला तेव्हा तिलाही माहीत नव्हतं. त्या बाई बॅग घेऊन ज्या गवतावरून चालत होत्या तिथे चार-साडेचार वर्षांपूर्वीपर्यंत बायकांना रविवारी खेळताही येत नव्हतं, आणि आता त्या वाकून मुलीला सांगतायत की इथून उतार डावीकडे आहे.

त्याच टोकियोत दीक्षा डागर पण होती, डावखुरी, जन्मापासून ऐकू न येणारी. पुढच्या वर्षी ब्राझीलला डेफलिंपिक्समध्ये, म्हणजे ऐकू न येणाऱ्या खेळाडूंच्या ऑलिम्पिकमध्ये, तिने सोनं घेतलं. तिचं सोनं किती जणांना माहीत आहे? आणि १९८२ चं दिल्लीचं एशियाड म्हटलं की आपल्याला काय आठवतं, अप्पू हत्ती, रंगीत टीव्ही आणि पाकिस्तानने हॉकीत घातलेले सात गोल. त्याच एशियाडमध्ये गोल्फ पहिल्यांदा आलं होतं आणि आपण दोन सोनी जिंकली होती, लक्ष्मण सिंग वैयक्तिक पहिले, राजीव मोहता दुसरे, आणि टीमचं वेगळं सोनं. हे मी आमच्याकडच्या चार क्रीडाप्रेमी काकांना विचारून बघितलं. सातही गोल कुणी कुणी मारले ते सांगायला लागले, पण लक्ष्मण सिंग एकालाही माहीत नाहीत. काही जिंकणं बघायला माणसं असतात आणि काही जिंकणं नुसतंच होऊन जातं, हे मला पटतच नाही अजून, पण आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोच्या एशियाडला आदिती परत दिसली. तिसऱ्या दिवशी तिने ६१ चा राउंड काढला, शेवटच्या दिवशी सुरुवातीलाच सात फटक्यांनी पुढे. सात म्हणजे गोल्फमध्ये खूप झाले. आई परत शाल घेऊन बसली. आणि मग ते निसटायला लागलं, एक बोगी, मग आणखी एक, बॉल जिथे जायला नको तिथे जायला लागला, ७७ फटके पडले आणि थायलंडची मुलगी दोन फटक्यांनी पुढे गेली. रौप्य. भारताच्या बाईला एशियाडमधलं गोल्फचं पहिलं मेडल, आणि टीव्हीवर प्रत्येक जण सोनं हुकलं, सोनं निसटलं, सोनं गमावलं. मी पण म्हटलं, काय गं, गेलं हातातलं.

आई माझ्यावर एकदम चिडली. इतकी की मी बघतच राहिले. "हुकलं काय हुकलं? दुसरी आलीये ती. दुसरी येणं म्हणजे काही न येणं नसतं." आणि रिमोट ठेवून आत निघून गेली. मला वाटलं, झोप झाली नाही हिची.

त्यानंतर गेल्या दिवाळीत तो डबा सापडला आणि 'द्वितीय' वाचलं.

मग कार्तिकी एकादशीच्या आदल्या रात्री ती साबुदाणा भिजवायला डबा खाली काढत होती, म्हणजे मला काढायला सांगत होती, कारण खांदा. मी डबा दिला आणि तिथेच ओट्याला टेकून तिला मार्गारेटची सगळी गोष्ट सांगितली. कलकत्ता, पॅरिस, वाडगा, मुलाला आलेला फोन. ती साबुदाणा धूत ऐकत होती. मधेच थांबून विचारलं, "तिची आई कितवी आली म्हणालीस?" म्हटलं सातवी. "पण खेळली ना," ती म्हणाली. मग मी उंच टाचांचं सांगितलं आणि आई हसायला लागली, पदराने डोळे पुसत हसत राहिली. "आम्ही अनवाणी होतो गं! साडी नेसायचो ना शाळेत, काष्ट्यासारखी खोचून घेतली, चुन्याने आखलेलं वर्तुळ होतं, पाय सगळे पांढरे झाले."

आणि मग ती बोलत गेली. मी काही विचारलं नाही, मला भीती वाटत होती की काही विचारलं तर थांबेल. पहिली आलेली मुलगी कशी दणकट होती, तीन गावं पलीकडून चालत यायची, तिला पितळेची कळशी मिळाली. हिला डबा. पण तेव्हा स्टीलचं अप्रूप होतं, हिला तो कळशीपेक्षा जास्त आवडला. शाळेतून कुणी सोबत आलं नव्हतं, मास्तरांनी नाव पाठवलं आणि एसटीचे पैसे दिले तेवढंच. गोळा मानेला कसा लावायचा तेही हिने बघून बघून शिकलेलं. "असा नाही धरायचा, लोक तळहातावर घेतात, बोटांच्या मुळाशी घ्यायचा," असं म्हणत तिने टोपलीतला नारळ उचलला. डाव्या हाताने. हनुवटीखाली लावला, मान वाकडी केली, मग तिला ते जमेना, चुकल्यासारखं वाटत होतं, म्हणून नारळ उजव्या हातात घेतला. मी म्हटलं आई, खांदा. ती म्हणाली थांब. कोपर वर गेलं. जेवढं जातं त्यापेक्षा जरा जास्तच गेलं. ती भिंतीकडे बघत होती आणि भिंतीपाशी तिची नजर थांबत नव्हती.

नारळ टोपलीत परत ठेवून तिने डबा पुसला, आणि मी सहज म्हणाले की तालुक्याच्या लोकांनी नाव मात्र छान कोरून दिलं होतं.

"त्यांनी कुठलं कोरलं. डबा कोराच मिळाला होता." झाकण लावता लावता ती थांबली. "आजीने घातलं ते नाव. आठवड्याच्या बाजारात भांड्यावर नाव घालणारा बसायचा, त्याच्याकडे घेऊन गेली. तो अक्षराचे पैसे घ्यायचा. म्हणाला नुसतं नाव घाला, स्वस्तात होईल, बाकीचं कशाला. ही म्हणाली नाही, सगळं घाल."

आजीला वाचता येत नव्हतं. अंगठा करायची.

"तिने मलाच विचारलं, दुसरी आलीस हे कागदावर कसं लिहितात. मी सांगितलं, द्वितीय. तो म्हणाला यात जोडाक्षर आहे, त्याचे जास्त पडतील. आजीने कनवटीचे काढून दिले."